वैध सबस्क्रिप्शन नाही

रामटेके भाऊ रोज सकाळी साडेदहाला सर्व्हरच्या खोलीत शिरायचे, चपला दाराबाहेर काढायचे, खुर्चीत बसून पासवर्ड टाकायचे आणि पडद्यावर जो संदेश यायचा तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचे. संदेश इंग्रजीत होता आणि वर्षानुवर्षं तोच होता : या सर्व्हरसाठी तुमच्याकडे वैध सबस्क्रिप्शन नाही. वाचून झालं की ते मान हलवायचे, "हव, नाही आहे," म्हणायचे आणि मग ‘ओके’ दाबायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस भला आहे पण डोकं थोडं सरकलेलं आहे.

मी आस्थापना शाखेत. कोण रुजू झालं, कोणाची रजा किती, कोणाचा करार संपत आला, या सगळ्याच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. राजधानी नवीन रायपूरला हलली तसं आमचं ऑफिसही जुन्या शहरातून उचलून तिकडे नेलं. रस्ते इतके रुंद की पलीकडे उभा असलेला माणूस ओळखू येऊ नये, आणि पलीकडे माणूस नसायचाच. सकाळी स्टाफची बस जायची, संध्याकाळी तीच परत यायची. जुन्या शहरात, बूढापारा वस्तीच्या कोपऱ्यावर मी चढायचे. एकदा बसमध्ये मी फोनवर मुलाला रागावत होते, मराठीत. तो हिंदीत उत्तरं देत होता. फोन ठेवला तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "आमची पोट्टी बी अशीच आहे ताई. शिव्या मराठीत समजते, जवाब हिंदीत देते." ते रामटेके भाऊ. तेव्हापासून ते मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना भाऊ.

भंडाऱ्याकडचं घराणं, वडील रेल्वेत, लहानपण रायपूरच्या रेल्वे क्वार्टरात. भाऊ चौदा वर्षं शहराबाहेरच्या उरला या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकलला होते. मिलमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना हात लावायला कोणी धजेना, म्हणून ते भाऊंच्या गळ्यात पडले, आणि भाऊंना ते आवडले. तिथून ते आमच्याकडे आले, संविदेवर. म्हणजे करारावर. दर मार्चमध्ये करार संपायचा, साहेबांची सही झाली की पुढचं वर्ष मिळायचं. त्या सहीची फाईल मी तयार करायचे.

आमचं ऑफिस मुलांच्या शिष्यवृत्त्यांचं. सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात सात कॉम्प्युटर चालायचे : एकात अर्ज, एकात हजेरी, एकात आवक-जावक. एका लोखंडी पेटीत सात कॉम्प्युटर कसे मावतात ते मला कळेना. भाऊ म्हणाले, "रेल्वेच्या बराकीत कसं राहत होतो आम्ही? छप्पर एक, मधात भिंती, ज्याची त्याची चूल वेगळी. एकाच्या घरी जाळ भडकला तर बाजूच्याले धग लागू द्यायची नाही. बस, एवढंच काम करते हे सॉफ्टवेअर." ते सॉफ्टवेअर खुलं होतं. कोणीही घ्यावं, वापरावं, उघडून आतलं बघावं. फुकट, आणि कायद्यानेच फुकट. बनवणारी कंपनी कुठेतरी परदेशात. तिला पैसे दिले की ती नीट पारखलेले अपडेट देते आणि अडलं तर मदत करते. पैसे नाही दिले तरी ती काही अडवत नाही. आत शिरताना ते एक वाक्य मात्र ऐकवते.

सबस्क्रिप्शन घ्यावं म्हणून भाऊ दरवर्षी प्रस्ताव टाकायचे. दरवर्षी त्यावर वरून एकच शेरा यायचा : "निःशुल्क उपलब्ध है तो क्रय का औचित्य स्पष्ट करें." भाऊ तो शेराही पूर्ण वाचायचे आणि फाईलला लावायचे. मी एकदा चिडून म्हटलं, चाललंय ना फुकट, मग कशाला दरवर्षी कपाळ आपटता? तर म्हणाले, "चालून नाही राहिलं ताई, चालवून राहिलो. पैसे नाही दिले तर डोळे द्या लागते."

डोळे ते खरंच द्यायचे. लेखा शाखेने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी मागून घेतला होता. त्याचा पत्रा एका बाजूने चेपलेला. फुकटवाल्यांना जे अपडेट मिळतात ते फारसे पारखलेले नसतात, म्हणून भाऊ आधी ते या डब्यावर चढवायचे. "आधी याले चाखू द्या," म्हणायचे. आठ दिवस डबा जिवंत राहिला तर मगच मोठ्या सर्व्हरला हात. मध्ये काय बिघडलं, कसं सुधारलं, सगळं वहीत. आणि एखादा दोष सापडला की त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर इंग्रजीत लिहून कळवायचे. ते इंग्रजी तपासायचं काम माझ्याकडे. प्रत्येक पत्राची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर्स’. मी कितीदा सांगितलं की तिथे असं कोणी लिहीत नाही. ऐकतील तर शपथ.

एकदा तिकडून उत्तर आलं : धन्यवाद, तुम्ही म्हणता तो दोष खरा आहे, दुरुस्त केला. दोन ओळींचं उत्तर. भाऊंनी त्या दिवशी सगळ्या शाखेला समोसे खाऊ घातले, आणि बसमध्ये माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, आपण फुकटे नाही." त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी पुन्हा कधी पाहिला नाही.

तो संदेश काढून टाकता येतो, हे मला पहिल्यांदा नेटवर्कच्या कामाला आलेल्या एका इंजिनिअरकडून कळलं. "भैया, एक लाइन का कमांड है, मैसेज गायब. सब करते हैं," तो म्हणाला. भाऊ नुसतं "नहीं" म्हणाले. संध्याकाळी बसमध्ये मी खोदून विचारलं, का नाही?

"मिलमधी एक कायदा होता," भाऊ म्हणाले. "लाइनवर काम करायले गेलं की स्विचवर आपली लाल पाटी टांगायची. पाटीवर आपलं नाव. काम झालं की ज्यानं टांगली त्यानंच काढायची. मॅनेजर आला तरी त्यानं हात लावायचा नाही. एक दिवस कोणाले तरी वाटलं, हा जेवायले गेला असंल, पाटी तशीच राहून गेली. त्यानं भलेपणानं काढली."

"मग?"

"माह्या दोस्ताची तीन बोटं गेली." मग म्हणाले, "हे वाक्य बी कंपनीनं टांगलं आहे. आपण टांगलं नाही. पैसे भरंल तो काढंल. अन् खोटं काय आहे त्याच्यात?"

मी हसले. म्हटलं, भाऊ, पडद्यावरच्या ओळीने कोणाची बोटं जात नाहीत. मी हसले होते, हे मुद्दाम लिहून ठेवते.

सर्व्हरचा दुसरा पासवर्ड त्यांनी मला दिला होता. "एकाच माणसापाशी चावी असली की तो आरामात मरते, बाकीचे हैराण होते," हे त्यांचं कारण. रोज बॅकअपच्या रांगेत हिरवं दिसतंय का ते बघायचं, लाल दिसलं तर त्यांना फोन करायचा, एवढं त्यांनी मला शिकवलं. आस्थापनेतली बाई सर्व्हरमध्ये डोकावते याची शाखेत बरीच थट्टा झाली. मला मात्र ते आवडायचं. त्या खोलीत थंड असायचं आणि कोणी आवाज चढवून बोलायचं नाही.

आता त्या मार्चचं. करारांच्या फायली साहेबांच्या टेबलावर गेल्या होत्या. साहेब नवे होते, आणि वरून एक मोठे अधिकारी तपासणीला येणार होते, दुपारी तीनला. सकाळी साहेब मला बरोबर घेऊन सर्व्हरच्या खोलीत रंगीत तालीम घ्यायला आले. भाऊंनी पासवर्ड टाकला, संदेश आला. साहेबांनी ‘नो व्हॅलिड’ एवढंच वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ये क्या है? पायरेटेड है क्या?"

"नहीं साहब. सॉफ्टवेयर फ्री है, कानूनी है. सबस्क्रिप्शन हमने लिया नहीं, वो लिखा है."

"हटाओ इसे."

"साहब, ये सच है."

"सच है तो क्या माथे पर लिखकर घूमोगे?" साहेब म्हणाले आणि मला बाहेर घेऊन गेले. "मैडम, आप समझाइए इनको. इनकी फाइल मेरी टेबल पर है."

मी समजावलं. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. मुलगी कॉलेजात आहे, पन्नाशीला दुसरी नोकरी कोण देणार, सगळं बोलून झालं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेबाले येवढी लाज वाटून राहिली असंल तर मी सबस्क्रिप्शनचा प्रस्ताव आजच पुन्हा टाकतो ना." मग ते डबा घेऊन जेवायला मागच्या जिन्यावर गेले.

मी खोलीत गेले. इंटरनेटवर ती कमांड शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. जशीच्या तशी उतरवली, एंटर दाबलं, बाहेर पडून पुन्हा आत गेले. संदेश नव्हता. कोणाच्या शर्टावरचा डाग त्याला न सांगता पुसून टाकावा, तेवढंच मला वाटलं. मी खाली येऊन माझा डबा उघडला आणि भेंडीची भाजी खाल्ली. भूक चांगली लागली होती.

तीनला अधिकारी आले. शांत माणूस होता, चष्मा लावून सगळं बघणारा. खोलीत आम्ही पाच जण. मी भेटीची नोंदवही घेऊन दाराशी. "लॉगिन करके दिखाइए," ते म्हणाले. भाऊंनी पासवर्ड टाकला आणि माऊसवर बोट ठेवून थांबले. ‘ओके’चं बटण जिथे यायचं तिथे बाण नेऊन ते वाट पाहत राहिले. काही आलं नाही. साहेबांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

भाऊ म्हणाले, "साहब, यहाँ एक मैसेज आता है. आज नहीं आया." आणि त्यांनी तो अख्खा संदेश पाठ म्हणून दाखवला. "हमारे पास सबस्क्रिप्शन नहीं है."

अधिकारी सहज म्हणाले, "वो तो हमारे यहाँ भी आता है. उसमें कोई हर्ज नहीं." मग ते थोडे पुढे वाकले. "पर वो अपने आप तो नहीं जाता. फाइल बदलनी पड़ती है. सरकारी सर्वर की फाइल किसने बदली?"

कोणी बोललं नाही. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पडद्याकडे बघत होते. "मशीन मेरे जिम्मे है, साहब."

"मैंने पूछा, किसने बदली?"

भाऊ जरा थांबले. "मशीन मेरे जिम्मे है, साहब," ते पुन्हा म्हणाले, तसंच, तेवढ्याच आवाजात.

माझी नोकरी पक्की आहे. अशा गोष्टीला मला फार तर एक लेखी ताकीद मिळाली असती. कोणत्या नियमाखाली तेही मला माहीत होतं, माझंच काम आहे ते. तरी माझं तोंड उघडलं नाही. भीती वाटली असंही म्हणता येणार नाही. काहीच वाटलं नाही. मी नोंदवहीत वेळ लिहिली : तीन वाजून वीस मिनिटं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला टिपण सांगितलं. प्रणाली में अनधिकृत परिवर्तन, संविदा नवीनीकरण की अनुशंसा नहीं की जाती. मी ते टाइप केलं. एकही चूक झाली नाही, दुसरा कागद लागला नाही. साहेबांनी सही केली आणि चहा मागवला.

भाऊंना पंधरा दिवस उरले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मी बदललेली फाईल होती तशी करून टाकली. बाकीचे दिवस सगळं कागदावर उतरवण्यात घालवले : कोणती भिंत कुठे, कोणता बॅकअप कुठे, अपडेट आधी डब्यावर, मग आठ दिवस थांबा. मला समोर बसवून वाचून दाखवलं आणि पावती घेतल्यासारखी माझी सही घेतली. एका शब्दाने त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी बसमध्ये मीच म्हटलं, "भाऊ, ते मी केलं होतं."

"मले माहीत आहे. चाव्या दोनच."

"मग माझं नाव काहून नाही घेतलं?" मीही त्यांच्यासारखंच बोलून गेले.

"मी कसं घेऊ? ते तुमचं होतं ताई, तुमीच बोलायचं. त्या मोठ्या साहेबानं दोनदा विचारलं, मी दोनदा थांबलो. तुमाले जागा दिली."

"आता सांगू का मी साहेबांना?"

"हे मले काहून विचारता?" ते म्हणाले. त्यांचा थांबा आला, ते उतरले. उतरताना ड्रायव्हरला हात केला, नेहमी करायचे तसा.

मी सांगितलं नाही. आधी साहेब दौऱ्यावर होते, मग माझ्या बढतीची यादी निघायची होती, मग साहेबांचीच बदली झाली, आणि मग वाटलं आता कोणाला सांगणार. निमित्तांना तोटा नसतो. भाऊ उरल्यातच एका छोट्या मिलमध्ये हजेरीच्या कॉम्प्युटरवर लागले असं कळलं. एकदा पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानात दिसले, मुलीसाठी ड्रेसचं कापड बघत होते. "बॅकअप हिरवा आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते तसेच उभे राहिले, बराच वेळ, हातातल्या कापडाची घडी घालत. मी मुलाच्या परीक्षेचं काहीतरी बोलले. मग ते "येतो ताई" म्हणून गेले.

ते गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कळलं. सकाळच्या पाळीत, खुर्चीतच, छातीत कळ. वर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता, खाली ही बातमी. सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि उरलेल्या फायली पाहिल्या. मला रडू आलं नाही. घरी येऊन भात लावला, तेव्हाही नाही.

पाचव्या दिवशी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, बुद्धाच्या फोटोशेजारी भाऊंचा फोटो, खिडकीच्या गजांवर मिलची काळी धूळ. मुलीने पाणी दिलं आणि "आंटी, बैठिए" म्हणाली. वहिनींना मी पहिल्यांदाच बघत होते. त्या मात्र मला ओळखत होत्या. "तुमी त्या बसवाल्या ताई," म्हणाल्या.

इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "ते म्हणत होते, ऑफिसातून एक चिठ्ठी येईल. कोणाची, काहून, काही सांगतलं नाही. मी म्हणो, काढून टाकलं तुमाले, आता कोण चिठ्ठी लिहिते? तर म्हणत, येईल, थोडा टाइम लागंल. आली तर नाही काही."

मी म्हटलं, "वहिनी, ती चिठ्ठी माझी होती." आणि सगळं सांगितलं. दुपारची वेळ, ती कमांड, त्या अधिकाऱ्यांनी दोनदा विचारलेलं, मी टाइप केलेलं टिपण. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. माझा आवाज सरळ होता, एखादं परिपत्रक वाचावं तसा, आणि त्याची मला लाज वाटली.

वहिनी मुलीला म्हणाल्या, "कॉपी आन तुही." मुलीने वहीतला एक कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. मी लिहिलं : सर्व्हरवरचा तो संदेश मी काढला होता. रामटेके यांनी काढला नव्हता. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. खाली सही केली. वहिनींनी कागद घेतला आणि एकेका शब्दाखाली बोट नेत वाचला.

"तारीख नाही टाकली," त्या म्हणाल्या.

मी पेन उघडलं.

"ताई, ते होते तेव्हाची टाका ना. म्हणजे त्याईनं पाह्यल्यासारखी होईल."

ऑफिसात तारखा मागेपुढे करणं मला नवीन नाही. किती फायली मी अशा वाचवल्या आहेत, किती माणसांनी त्याबद्दल मला दुवा दिला आहे. आणि हे तर एका बाईचं मन राखणं होतं, कोणाचं काही बिघडणार नव्हतं. पेन कागदावर टेकवून मी किती वेळ बसले होते ते मला सांगता येणार नाही. मग मी त्या दिवशीचीच तारीख टाकली.

वहिनींनी कागद उचलून तारखेकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. बोटांवर काहीतरी मोजलं.

"दोन वर्षं लागली," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.